तात्यांचा ऑक्सिजन: निदानापासून घरातल्या मशीनपर्यंत

माझ्या वडिलांना, तात्यांना, 2025 च्या मार्चपासून घरी रोज पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लावावा लागतो. त्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. करोनातूनही ते बिनघोर सुटले होते. त्यामुळे हे सगळं आलं कुठून, हे कळायलाच आम्हाला वेळ गेला, आणि कळल्यावर पुढं कुठल्या दारात जायचं, कुठला कागद लागतो, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) भाड्यानं घ्यायचं की विकत, हे विचारत फिरण्यात आणखी गेला. आता ओळखीतले लोक मला फोन करून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सलग लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. किती लिटर, किती तास हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचं; खाली आहेत ते तात्यांचे आकडे.

आमचं गाव वाळवा तालुक्यात. तात्यांचं आयुष्य गुऱ्हाळावर गेलं. तरुणपणी चुलवाणाला जाळ घालायचं काम, नंतर गुळव्या म्हणून नाव झालं. वाळलेलं चिपाड रेटून रेटून आत घालायचं, तोंडावर धग, डोळ्यात धूर, आणि हंगामात हे पहाटेपासून रात्रीपर्यंत. घरी आल्यावर आईची चूल होतीच. लाकूड, गोवऱ्या, चिपाड यांच्या धुरानंही विडी-सिगारेटसारखाच श्वासनळ्यांचा आजार होतो, ज्याला सीओपीडी म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गावात एकच समज: विडी नाही म्हणजे छाती चांगली.

2024 च्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा तात्या बदललेले वाटले. दम लागतोय म्हणून नव्हे. उलट विचारलं तर म्हणायचे, "न्हाय गं, काय दम-बिम न्हाय." पण सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. जेवता जेवता डुलकी लागायची. पायावर सूज, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. चिडचिड तर इतकी की दादाच्या पोरानं रेडिओ लावला म्हणून त्याच्या अंगावर धावले. त्यांच्या खिशात कायम एक छोटी डायरी असते, गुऱ्हाळाच्या हिशोबाची. ती मी सहज चाळली. ऑगस्टपर्यंत आकडे नेहमीसारखे एकाखाली एक, मोत्यासारखे. ऑक्टोबरच्या पानांवर सात-आठ वेळा खोडलेल्या बेरजा, एकाच माणसाची उचल दोनदा मांडलेली, अक्षर थरथरलेलं. वय झालं, असं सगळे म्हणाले.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आराम करतानाही शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. म्हणून ऑक्सिजन हळूहळू घसरला की छातीच्या आधी स्वभाव, झोप आणि हिशोब बिघडू शकतो. हे मला पुढं मिरजेत समजलं. तेव्हा मात्र गावातल्या डॉक्टरांनी सुजेसाठी गोळी आणि खोकल्यासाठी इंजेक्शन दिलं, आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन आलं 18.1. लॅबमधला पोरगा म्हणाला, "तात्या, तरण्या पोरांना लाजवंल असं रक्त हाय तुमचं." तात्या खूश. आम्हीही खूश. तो आकडा खरं तर शरीराची बोंब होती. सलग महिनोन् महिने ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात आणि हाडांतला मगज जास्त तांबड्या पेशी तयार करतो. पेशींना ऑक्सिजनची कमतरता नेमकी कळते कशी, याचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2019 चं नोबेल मिळालं आहे. तर पुरुषाचं हिमोग्लोबिन साडेसोळा-सतराच्या वर गेलेलं दिसलं तर पेढे वाटू नका, कारण विचारा.

संक्रांतीच्या सुमारास थंडीत खोकला वाढला. वहिनींनी कपाटातून 2021 मधला ऑक्सिमीटर काढला. त्या एप्रिल-मे महिन्यांत सांगली-साताऱ्यात ज्याच्या त्याच्या घरी एकेक आला होता आणि नंतर बॅटरी काढून ठेवला गेला होता. तात्यांच्या बोटाला लावला, 83. मशीन बिघडलं असेल म्हणून वहिनींनी स्वतःला लावला, 98. दादाला 97. पुन्हा तात्यांना, 84.

इथं एक कामाची गोष्ट. हे यंत्र बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतं, लाल आणि अवरक्त, आणि रक्त त्यातला कुठला किती शोषतं यावरून टक्का काढतं. त्यामुळे बोट गार असेल, नखाला गडद पॉलिश किंवा काळी मेंदी असेल, हात हलत असेल तर आकडा चुकतो. सावळ्या कातडीवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तही दाखवू शकतो. हात चोळून गरम करायचा, मांडीवर स्थिर ठेवायचा, निदान अर्धा मिनिट थांबायचं आणि नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळतोय का बघायचं. दादानं हे सगळं केलं. आकडा 84 च राहिला. मला फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिरजेत होतो.

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये तिथं रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा लोक येतात. स्टेशनवरून बाहेर पडलं की प्रत्येक गल्लीत पाटी. आम्ही छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. नंबर सतरावा, बसायला दोन तास. तपासणी फी 600, एक्स-रे 400, फुंकर मारायची चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री 1,200, हृदयाची टूडी इको 1,800, आणि धमनीतल्या रक्ताची एबीजी चाचणी 900. हे आमचे त्या वेळचे आकडे, इकडं तिकडं होतील. रोख जवळ ठेवा, कारण नेमकं त्या दिवशी काउंटरवर रेंज नव्हती.

स्पायरोमेट्रीत तात्या आधी नीट फुंकेचनात. जोरात, एकदम आणि शेवटपर्यंत फुंकायचं असतं, आणि तंत्रज्ञ बाई ओरडत राहतात, "अजून काका, अजून, अजून!" कवळी असेल तर ती काढायची की ठेवायची ते आधी विचारा. सकाळचा पंप, म्हणजे इनहेलर, घ्यायचा का नाही तेही विचारा, त्यावर निकाल बदलतो.

एबीजी ही मात्र सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुखरी. नेहमीचं रक्त शिरेतून घेतात, हे मनगटाच्या धमनीतून. तात्यांनी गुऱ्हाळावर पाकाचे चटके सोसलेत, तरी त्यांनी दात खाल्ले. सुई काढल्यावर तिथं चांगलं पाच मिनिटं दाबून धरायचं, नाहीतर काळंनिळं होतं. रक्त घेताना रुग्णाला ऑक्सिजन चालू होता का, आणि किती, हे कागदावर लिहून घ्या. पुढचे डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. तात्यांचा निकाल: रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब 48 (पाऱ्याचे मिलिमीटर), निरोगी माणसात तो 80 ते 100 असतो. कार्बन डायऑक्साइड 58, तो 35 ते 45 पाहिजे. ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड साठलेला, दोन्ही. सकाळची डोकेदुखी, डुलक्या, थरथरतं अक्षर, सगळ्याचा खुलासा त्या बोटभर कागदावर होता.

मी विचारलं, मग ह्यांना दम का लागत नाही? डॉक्टरांनी सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत लिहिते, कारण माझ्या मते घरच्यांनी हेच आधी समजून घ्यायला पाहिजे. श्वास कोंडल्यासारखा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे आणि छातीच्या स्नायूंना कष्ट पडल्यामुळे. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारे छोटे गोळे मानेतल्या धमन्यांपाशी असतात, पण त्याचा दाब 60 च्या खाली जाईपर्यंत ते फारसा आरडाओरडा करत नाहीत. आणि वर्षानुवर्षं हळूहळू घसरण झाली की माणूस कमी चालतो, कमी बोलतो, जिना टाळतो, आणि शरीर त्यालाच नेहमीचं समजायला लागतं. दम लागतो पण ऑक्सिजन चांगला आहे, असं होऊ शकतं; ऑक्सिजन तळाला गेलाय पण दम लागत नाही, असंही. म्हणून विचारून भागत नाही, मोजावं लागतं.

मग 84 म्हणजे पास होण्याइतके मार्क तरी आहेत ना, असं दादा म्हणाला. डॉक्टर हसले. रक्तातला ऑक्सिजन शंभरातून एकेक गुणानं उतरत नाही. पाचगणीचं टेबललँड आठवा. दाब 100 वरून 60 पर्यंत आला तरी टक्का 97-98 वरून 90 पर्यंतच येतो, सगळं सपाट, चालणाऱ्याला कळत नाही. 90 ही कड. तिच्यापुढं दाब थोडा घसरला तरी टक्का धाडकन खाली येतो. तात्या कडेवरून खाली उतरलेले होते. (मेमध्ये दादाच्या मेहुण्यानं महाबळेश्वरला चला म्हटलं तेव्हा डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. तिथं हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण एकूण दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी.)

त्याच दिवशी ॲडमिट केलं. आणि इथं आमच्यासारख्या नातेवाइकांना सगळ्यात अवघड जाणारा भाग येतो. तात्यांना ऑक्सिजन लावला तो अगदी थोडा. मॉनिटरवर 89, 90. शेजारच्या कॉटच्या नातेवाइकांनी दादाला सांगितलं, "सिस्टरला सांगून वाढवून घ्या की, 98 पाहिजे." दादा उठलाच होता. तेवढ्यात राउंडला आलेल्या डॉक्टरांनी कॉटच्या पायाशी लावलेला कागद दाखवला: लक्ष्य 88 ते 92. ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना ऑक्सिजन सढळ हातानं दिला तर तो आणखी साठतो आणि माणूस गुंगीत जातो. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिकडचा रक्तपुरवठा शरीर स्वतःहून आवळून ठेवतं. भरपूर ऑक्सिजन दिला की ती आवळलेली वाहिनी सैल होते आणि रक्त नको त्या कोपऱ्यात फिरून तसंच परत येतं. सोबत श्वासाची ओढही थोडी मंदावते. या आवळून ठेवण्याचाच दुसरा परिणाम म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. पायाची सूज तिथून आली होती, इकोत दिसलंच. नुसत्या सुजेच्या गोळीनं ती का उतरत नव्हती तेही कळलं.

रात्री बायपॅपचा, म्हणजे दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क लावला. पहिली रात्र वाईट गेली. मास्क घट्ट, तोंड कोरडं, तात्या तो ओढून काढायचे आणि आई पुन्हा लावायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी डोळे उघडून विचारलं, "उसाला पाणी सोडलंय का?" आई रडायला लागली.

कागदांचं सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, पण फक्त यादीतल्या रुग्णालयात. ॲडमिट करण्याआधीच "इथं योजना आहे का, आरोग्यमित्र कुठं बसतात" हे विचारा. आमचं अडलं नावावर. रेशनकार्डावर तात्यांचं घरातलं नाव, आधारवर शाळेतलं. आरोग्यमित्रांनी सांगितल्याप्रमाणे दादानं गावातून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा दाखला आणला आणि रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक काढला. मंजुरी यायला दीड दिवस लागला, तोवर अनामत भरावी लागली. बाहेर केलेल्या तपासण्या आमच्या खिशातून गेल्या. घरी न्यायचं मशीन योजनेत बसत नाही, हे आरोग्यमित्रांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, ते बरं झालं. सगळ्या मूळ रिपोर्टांचे फोटो मोबाइलमध्ये एका फोल्डरला ठेवा. डिस्चार्जच्या वेळी फाईल रुग्णालयाकडं राहते आणि आपल्या हातात येतो तो सारांश.

दवाखान्यात आई आणि वहिनी आळीपाळीनं थांबायच्या. चौथ्या दिवशी वहिनींना जिन्यात चक्कर आली. सिस्टरनं बोटाला ऑक्सिमीटर लावला, 98. सगळे म्हणाले, जागरण झालंय. पण ड्यूटीवरच्या मॅडमनी पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन 8.2.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला एक गणित करून दाखवलं ते मी जपून ठेवलं आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. तात्यांचं हिमोग्लोबिन 18.1, भरलेलं 84 टक्के: शंभर मिलिलिटर रक्तात साधारण 20 मिलिलिटर ऑक्सिजन. वहिनींचं 8.2, भरलेलं 98 टक्के: जेमतेम पावणेअकरा. म्हणजे ज्या माणसाला आम्ही नळ्या लावून झोपवलं होतं त्याच्या रक्तात, त्याला उठबस करवणाऱ्या सुनेच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन होता. मी पतसंस्थेतली, बेरीज-वजाबाकीत मुरलेली, तरी हे दोनदा करून बघितलं. ऑक्सिमीटर फक्त गाड्या किती भरलेल्या आहेत ते सांगतो, गाड्या किती आहेत ते नाही.

मग तात्यांना एवढं काय झालंय, असा प्रश्न मी विचारलाच. उत्तर असं की एकूण साठा दिसायला भरपूर असला तरी दाब कमी असल्यामुळे रक्तातून पेशीत ऑक्सिजन ढकलला जायला जोर राहत नाही. वर जास्त पेशींमुळे रक्त दाट होतं आणि आधीच दमलेल्या हृदयाला ते पुढं सारावं लागतं. ऑक्सिजन कमी पडण्याच्या वाटा चार: हवेतून रक्तात येत नाही, ही तात्यांची, रक्तात वाहून न्यायला हिमोग्लोबिन नाही, ही वहिनींची, रक्तच फिरत नाही, जसं हृदय बंद पडताना, आणि सगळं पोचतंय पण पेशीला वापरता येत नाही, जसं सायनाइडच्या विषबाधेत. ऑक्सिमीटर यातली पहिलीच वाट खात्रीनं दाखवतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जो कार्बन मोनॉक्साइड चढतो, त्यात तर तो चक्क चांगला आकडा दाखवतो, कारण हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरकच त्याला कळत नाही.

जानेवारीच्या शेवटी डिस्चार्ज मिळाला. मला वाटलं आता लगेच मशीन घ्यायचं. डॉक्टर म्हणाले, थांबा, सध्या भाड्यानं घ्या. आजार उफाळलेला असताना घेतलेला आकडा कायमचा धरायचा नसतो. तब्येत स्थिरावल्यावर पुन्हा एबीजी करून ठरवायचं. काहींना तोवर ऑक्सिजनची गरजच उरत नाही. सांगलीत भाडं महिना 4,500 आणि अनामत 10,000 पडली. आधार कार्डाची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

मधल्या काळात मी वाचत बसले. घरी दीर्घकाळ ऑक्सिजन देण्याचा आधार 1980 आणि 1981 मधले दोन अभ्यास आहेत, एक अमेरिकेतला, एक ब्रिटनमधला. ब्रिटनमधल्या अभ्यासात रोज किमान 15 तास ऑक्सिजन घेणाऱ्या 42 जणांपैकी पाच वर्षांत 19 दगावले. न घेणाऱ्या 45 पैकी 30. म्हणून ते पंधरा तास. दोन तास लावला, बरं वाटलं, काढला, याला काही अर्थ नाही. आणि 2016 मध्ये 738 रुग्णांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांचा ऑक्सिजन मध्यमच कमी आहे, बसल्या जागी 89 ते 93, त्यांना घरच्या ऑक्सिजननं आयुष्यातही फरक पडत नाही आणि दवाखान्याच्या फेऱ्यांतही नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका काकांनी 92 आकडा बघून हजारो रुपये घालून मशीन आणलं आहे. त्यांना मी काही बोलले नाही, पण तुम्हाला सांगते.

मार्चमध्ये एबीजी पुन्हा झाली. दाब 53. निकष असा की स्थिर अवस्थेत 55 किंवा खाली असेल तर ऑक्सिजन द्यायचा. 56 ते 59 असेल आणि उजव्या हृदयावर ताण किंवा रक्त दाट झालेलं असेल तरीही. तात्या पहिल्याच अटीत बसले. चिठ्ठी मिळाली: मिनिटाला दीड लिटर, रोज किमान 15 तास, रात्रभर धरून, लक्ष्य 88 ते 92.

मशीन घेताना काळजी घ्या, हा बाजार अवघड आहे. करोनातली जुनी मशीन्स अजून फिरतायत. आम्हाला एकानं "सात लिटर" म्हणून 18,000 ला एक देऊ केलं होतं. अशा कित्येक स्वस्त मशीनमध्ये लिटर वाढवले की हवा तेवढी येते, पण त्यातलं ऑक्सिजनचं प्रमाण पडत जातं. चांगल्या मशीनमध्ये झिओलाइटचे खडे हवेतला नायट्रोजन अडवतात आणि पाच लिटरला ठेवलं तरी 90 ते 96 टक्के शुद्धता मिळते. घेण्याआधी पूर्ण प्रवाहावर अर्धा तास चालवून शुद्धता मोजून दाखवा म्हणायचं, जुनं असेल तर किती तास चाललंय तो मीटर बघायचा. आम्ही नवं पाच लिटरचं 48,000 ला घेतलं, दुरुस्तीला माणूस सांगलीतच आहे याची खात्री करून. नाकाला लागणारी नळी महिन्या-दीड महिन्यानं बदलावी लागते, ती सत्तर-ऐंशी रुपयांना मिळते.

घरात बसवणं म्हणजे निम्मं गाव बघायला. मशीन भिंतीपासून फूटभर लांब, कारण मागून गरम हवा सोडतं. सोप्यात ठेवलं आणि लांब नळी माजघरापर्यंत नेली. कोंबड्या, पोरं आणि आईचा पाय यांतून ती वाचवायला दादानं भिंतीला खिळे मारून वरून फिरवली. लिटरचा गोळा डोळ्याच्या रेषेत बसून बघायचा, उभ्यानं बघितलं की चुकतो. रेषेवर गोळ्याचा मध्य यायला पाहिजे. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलायचं. फिल्टर आठवड्यानं धुऊन पूर्ण वाळवायचा. नाक कोरडं पडतं म्हणून वहिनी खोबरेल लावायला निघाल्या होत्या, त्याला डॉक्टरांनी मनाई केली होती. तेल, तूप, व्हॅसलीन, व्हिक्स काहीच नाही, ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं. पाण्यात मिसळणारं जेल मिळतं ते लावायचं. आणि मशीनच्या खोलीत चूल, गॅस, उदबत्ती, निरांजन, विडी काही नाही. चूल त्याच आठवड्यात बंद झाली, आईनं कुरकुर केली तरी.

विजेचा हिशोब: मशीन साधारण 330 वॅट खातं. सोळा तासांचे दिवसाला सव्वापाच युनिट, महिन्याला 160 च्या आसपास. आमचं बिल महिना दोन हजारांनी वाढलं, कारण वरच्या स्लॅबमध्ये गेलो. पण खरा प्रश्न बिलाचा नव्हता, लाइट जाण्याचा होता. 2025 च्या मेमध्ये वळवानं जे झोडपलं त्यात आमच्याकडं तारा तुटून रात्रभर अंधार. 150 एएचच्या इन्व्हर्टरवर मशीन साडेतीन तास चाललं. मग सिलिंडर. छोटा, बी टाइप म्हणतात तो, त्यात साधारण 1,500 लिटर मावतो. दीड लिटरनं सोळा तासांच्या वर जातो. हा हिशोब लिहून सिलिंडरवर चिकटवून ठेवा. सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधलेला हवा, आणि किल्ली त्याच्यालाच लटकवलेली. आमच्याकडं ती होती म्हणून अंधारात शोधायला लागली नाही.

तात्यांना सगळ्यात जड गेली ती नळी नव्हे, लोकांची नजर. "ऑक्सिजन लावला म्हंजे आता शेवट," असं एक पाहुणे त्यांच्यासमोर बोलून गेले. त्यानंतर कुणी आलं की तात्या नळी काढून उशीखाली ठेवायचे आणि तासभर गप्पा मारायचे. समजावून उपयोग झाला नाही. शेवटी नातवानं त्यांच्याच डायरीत तास मांडायला सुरुवात केली, आणि पंधरा भरले नाहीत की "तात्या, उचल बाकी हाय" म्हणून ओरडायला लागला. हिशोबाच्या माणसाला हिशोबच लागू पडला. ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा व्यायाम, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंप, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, हेही चालू आहे. पंपाची सवय लागते ही भीती सोडा. त्यातलं औषध थेट श्वासनळ्यांत पोचतं, पण बरंचसं तोंडात-घशातही राहतं. फक्त घेतल्यावर चूळ भरायची.

गणपतीत आरती तात्यांनीच करायची ही घरची रीत. 27 ऑगस्टला सकाळी मशीन बंद केलं, नळी काढली, थोडा वेळ थांबून कपडे बदलले, कारण कपड्यांत ऑक्सिजन मुरलेला असतो, आणि मग त्यांना दुसऱ्या खोलीत गणपतीसमोर खुर्चीवर बसवलं. कापूर दादानं लांब धरला. एकच आरती म्हटली, बोटाला लावून बघितलं तर 85, लगेच परत नळी.

वहिनींना लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध चालू झालं. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. दिवाळीपर्यंत 11.4 झालं. सकाळी शेतावर जाताना बांधावर बसावं लागायचं ते आता लागत नाही म्हणाल्या.

दिवाळी झाल्यावर तात्यांची तपासणी झाली. हिमोग्लोबिन 18.1 वरून 16.3. सूज नाही. सकाळची डोकेदुखी गेली. कार्बन डायऑक्साइड 49, अजून जास्तच, पण डॉक्टर यावर समाधानी आहेत. फुप्फुसं परत नवी होणार नाहीत हे त्यांनी तात्यांच्या समोरच सांगितलं. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत आकडा 81 पर्यंत घसरला, म्हणून बाहेर जाताना खांद्याला अडकवायचं बॅटरीवालं मशीन घेता येईल असा विषय निघाला. किंमत सव्वा ते दोन लाख, त्यातली काही फक्त श्वास घेताना ऑक्सिजनचा झोत देणारी, ती झोपेत सगळ्यांना चालत नाहीत, म्हणून आधी लावून बघून घ्यायची. आम्ही अजून ठरवलेलं नाही. गुऱ्हाळ सुरू झालंय आणि तात्यांना तिकडं जायचं आहे. डॉक्टर म्हणाले, धुराजवळ नाही. तात्या म्हणाले, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसंन. आणि मशीनची किंमत ऐकून म्हणाले, "एवढ्यात एक मुऱ्हा म्हैस येती की."